कासारवाडीची बरणी

हरिहर टेंबे बासष्ट साली पिंपरीला नोकरीला लागले तेव्हा त्यांच्याजवळ रसायनशास्त्राची पदवी, एक पत्र्याची ट्रंक आणि नवीकोरी बायको होती. तिन्हींतल्या बायकोची किंमत त्यांना सगळ्यांत उशिरा कळली. हा दोष पुष्कळ नवऱ्यांत असतो आणि बहुतेकांना तो पचूनही जातो. टेंब्यांना पचला नाही.

माणूस वाईट नव्हता. औषधांच्या एका कारखान्यात, तिथल्या प्रयोगशाळेत ते काम करत. वजन करणं, गाळणं, तापवणं यात त्यांचा हात असा बसलेला की घरी चहात साखर घालतानाही ते चमचा बोटानं सपाट करून घेत. सुहासिनी, म्हणजे त्यांची बायको, त्या बोटाकडे बघत म्हणायची, "अहो, साखर आहे ती, सोमल नव्हे." ती वाईची. कृष्णेच्या घाटावर वाढलेली, हसरी, फटकळ, नवऱ्याची टिंगल हा आपला नित्यनेम समजणारी. चिंचवडात पवनेच्या बाजूला त्यांचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. मूलबाळ झालं नाही. त्याचं दुःख दोघांनी वाटून घेतलं, त्यामुळे ते कुणा एकाच्या डोक्यावर बसलं नाही. संध्याकाळी नदीकडे फिरायला जायचं, येताना भाजी आणायची, रात्री रेडिओ ऐकायचा. असा संसार बाहेरून फार साधा दिसतो, पण आतल्या माणसांना तो पुरतो.

आजूबाजूची शेतं हळूहळू गेली आणि कारखान्यांच्या चिमण्या उभ्या राहिल्या. लोकांना त्याचं वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोला. धूर दिसला की माणसाला भाकरी दिसायची. बीड, सोलापूर, रत्नागिरीकडून माणसं येत होती, कामाला लागत होती, खोल्या बांधत होती. धुराला नावं ठेवणं म्हणजे अन्नाला नावं ठेवणं असं वाटण्याचे ते दिवस.

पंचाहत्तरच्या आसपास सुहासिनीला दमा लागला. आधी थंडीतला खोकला, मग शिट्टीसारखा श्वास, मग उशीला टेकून बसणं. कंपनीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि ठरलेलं वाक्य म्हटलं, "हवापालट करा." ती वाईला भावाकडे जाऊन राहिली तेव्हा खरोखर बरी झाली. पण महिन्याभरातच आपली पिशवी घेऊन परत दारात हजर. "तिथं नुसती हवा खात बसू का? तुम्ही इथं करपलेला भात खाणार आणि मी तिथं मोकळा श्वास घेणार, हे काही खरं नव्हे," ती म्हणाली. नोकरी सोडून वाईला जावं, तर तिथं रसायनशास्त्राला कोण विचारतो? तेव्हा टेंब्यांनी एक विचार मांडला, आणि तो विचार शहाणपणाचाच होता. ते म्हणाले, "गावाची हवा म्हणजे एकच हवा नसते. गल्ली बदलली की हवा बदलते. ह्याच गावात कुठंतरी चांगली हवा असणार. ती मी तुला शोधून देतो."

ह्या एका वाक्यावर पुढचं सगळं उभं राहिलं.

हवा शोधायची म्हणजे काय करायचं, तर ती किती घाण टाकते ते मोजायचं. टेंब्यांनी प्रयोगशाळेतल्या रिकाम्या, रुंद तोंडाच्या काचेच्या बरण्या मागून घेतल्या. त्यात शुद्ध पाणी घालायचं, शेवाळ धरू नये म्हणून मोरचुदाची निळी चिमूट टाकायची, आणि बरणी उंच जागी, आकाशाकडे तोंड करून, उघडी ठेवायची. कावळे बसू नयेत म्हणून भोवती तारेचं कडं. महिनाभर हवेतून जे पडेल ते पाण्यात पडतं. महिन्यानं ते पाणी गाळायचं, गाळ वाळवायचा, तोलायचा. जिथला गाळ जड तिथली हवा वाईट. पावसाळ्यात बरण्या भरून वाहतात, म्हणून दिवाळी ते होळी हा हंगाम.

चिंचवडात स्वतःच्या घरावर एक बरणी ठेवली. एक पिंपरी कॅम्पातल्या कापडवाल्याच्या गच्चीवर, एक काळेवाडीच्या शाळेवर, एक आकुर्डीला, एक भोसरीला. आणि एक कासारवाडीला, ज्योतीराम कांबीकरांच्या स्लॅबवर. ज्योतीराम कंपनीत बॉयलरवर होता. बीडकडचा माणूस, अबोल, कुणाचंही काम अंगावर घेणारा. कासारवाडीत स्टेशनजवळ त्यानं दोन खोल्या बांधल्या होत्या, आणि बायको यशोदाबाई त्या खोल्या अशा ठेवायची की फरशीवर पडलेली मोहरी सापडावी.

बरणी घेऊन टेंबे गेले तेव्हा यशोदाबाईंनी आधी पाण्याचा तांब्या दिला, मग विचारलं, "भाऊ, ह्यात निळं निळं काय हाय?"

टेंबे घाईत होते, पुढची बरणी ठेवायला भोसरी गाठायची होती. शिवाय, आपण शिकलेली माणसं एक मनाशी धरून चालतो की समोरच्याला कळणार नाही. पाच मिनिटांत सगळं समजावून सांगता आलं असतं. ते म्हणाले, "औषधाचं पाणी आहे. आमच्या मंडळींच्या दम्यासाठी चाललंय हे. हात लावू नका, प्यायचं नाही. ऊन-वारा लागू द्या त्याला."

"वैनींसाठी व्हय? मग मी जीव लावून बगते," यशोदाबाई म्हणाल्या. आणि त्यांनी शब्द पाळला.

त्या हिवाळ्यात टेंब्यांच्या घरी दुसरं काही बोलणंच नव्हतं. बरण्यांच्या जोडीला त्यांनी एक गणित उभं केलं. कुठल्या दिशेला किती चिमण्या, किती उंच, वारा कुठून कुठं आणि किती जोराचा. वाऱ्याचे आकडे पुण्याच्या वेधशाळेतून उतरवून आणले. त्यावरून धूर कुठं किती खाली उतरेल याचं एक सूत्र मांडलं. बरणी आहे तिथं सूत्र पडताळायचं, आणि जिथं बरणी नाही तिथली हवा सूत्रावरून सांगायची, असा तो बेत. सगळ्या गावाचा हवेचा नकाशा. अशा कामाला आता मोठमोठी यंत्रं लागतात. टेंब्यांकडे आकडेमोडीची सरकपट्टी होती आणि स्वयंपाकघराची फरशी.

फरशीवर खडूनं नदी काढायची, रेल्वे काढायची, आणि सुहासिनीच्या डब्यांतली कडधान्यं मांडायची. जिथं हवा वाईट तिथं उडीद, मध्यम तिथं मसूर, चांगली तिथं मूग. सुहासिनी उशीला टेकून बघायची. "भोसरीला एवढे उडीद? मग आज भोसरीचं घुटं करू का? आणि तुमचा चिंचवड मसुरावरच भागवतोय वाटतं." टेंबे हसायचे. तीही हसायची, मग खोकायची, मग तो खोकला थांबेपर्यंत टेंबे तिच्या पाठीवर हात ठेवून बसायचे. ती दोघं त्या हिवाळ्यात सुखी होती असं म्हटलं तर कुणाला पटणार नाही, पण होती. एकाला दुसऱ्यासाठी करण्यासारखं काहीतरी होतं.

सूत्र आणि बरण्या सगळीकडे जुळत गेल्या. फक्त कासारवाडीला अडलं. सूत्र सांगत होतं की तिथं उडदाची रास पडली पाहिजे. वारा बहुतेक तिकडेच जातो, भोसरीच्या बाजूच्या ओतकामाच्या भट्ट्याही लांब नाहीत. पण बरणी स्वच्छ. महिन्यामागून महिना, गावात सगळ्यांत हलका गाळ यशोदाबाईंच्या स्लॅबवरचा.

इथं टेंब्यांनी काय करायला हवं होतं ते आज कुणीही सांगेल. संध्याकाळचं तिथं जाऊन उभं राहायला हवं होतं. पण आपल्याला जे हवं असतं ते खरं मानायला पुरावा फार लागत नाही. टेंब्यांना चांगली हवा हवी होती, आणि बरणी म्हणत होती की ती इथं आहे. शिवाय मोजमाप हे सूत्राहून मोठं, असं ते आयुष्यभर मानत आलेले. त्यांनी सूत्रच बदललं. नदीचं वळण, चिंचेची झाडं, रेल्वेचा उंचवटा असली कारणं शोधली आणि कासारवाडीसाठी एक वेगळा गुणक बसवला. तो गुणक घातला की सूत्र बरणीसारखंच बोलायला लागायचं. त्या दिवशी त्यांनी आनंदानं मूठभर मूग कासारवाडीवर ओतले.

"बघ, सापडली," ते म्हणाले.

सुहासिनीनं मुगांकडे बघितलं, खिडकीबाहेर नदीकडे बघितलं. "मला इथं तसं बरं वाटतं हो," ती म्हणाली. "मसूर काही वाईट नसतो." पण नवऱ्याचा चेहरा असा उजळला होता की तिला पुढं बोलवेना. एरवी फटकळ बाई, नेमकी तेव्हाच गप्प बसली.

अठ्ठ्याहत्तरच्या अक्षय तृतीयेला टेंब्यांनी चिंचवडचं बिऱ्हाड मोडलं. यशोदाबाईंनी पुढची खोली आणि पडवी मोकळी करून दिली, उंबऱ्यावर रांगोळी काढली, सुहासिनीच्या कपाळाला कुंकू लावलं. कंपनीच्या डॉक्टरांना नकाशा इतका आवडला की त्यांनी त्याची रंगीत प्रत दवाखान्यात लावली, आणि छातीचा रोगी आला की बोट कासारवाडीवर टेकवू लागले. पॅकिंग खात्यातले अर्जुनराव आपल्या दमेकरी म्हाताऱ्या आईला घेऊन तिथंच राहायला आले.

उन्हाळा, पावसाळा बरा गेला. थंडी पडली आणि सुहासिनीचा श्वास अडकायला लागला.

"संध्याकाळ झाली की छातीवर कुणी पाट ठेवल्यासारखं होतं," ती म्हणाली. टेंबे म्हणाले, नवीन जागा आहे, अंगवळणी पडेल. तिनं एकदा सकाळी तुळशीच्या पानावर बोट फिरवलं आणि काळं बोट त्यांच्यापुढे धरलं. टेंब्यांनी विचार केला आणि म्हणाले, "हे तुझ्या स्टोव्हचं." त्यांनी स्टोव्ह पडवीच्या टोकाला नेला, पुढं खटपट करून गॅस मिळवला. तरी पान काळंच. मग ते म्हणाले, आगगाडीच्या रुळांवरची धूळ असेल. ती वाळत घातलेलं धुणं दिवेलागणीच्या आत काढून घेऊ लागली, यशोदाबाई काढायच्या तसंच. दोघी बायकांना ते पहिल्यापासून ठाऊक होतं. पण धुणं कधी काढतात हे विचारायला टेंबे थोडेच जाणार होते?

एका संध्याकाळी ती अगदी कळकळीनं म्हणाली, "अहो, आपण परत चिंचवडला जाऊ या. दुसरी खोली बघा. मला इथं नाही श्वास घेता येत."

टेंब्यांनी कपाटातून कागद काढले. तिच्या शेजारी बसून महिन्यांचे आकडे तिला दाखवले, बोटानं, एकेक करून. "चिंचवडला ह्याच्या तिपटीनं गाळ पडतो. मी तुला तिथं कसा घेऊन जाऊ? आकडे काय म्हणतात बघ."

सुहासिनीनं आकडे बघितले. मग म्हणाली, "तुमच्या बरणीला दमा नाही ना."

टेंबे तेव्हा हसले. तिची नेहमीची टिंगल वाटली त्यांना.

पुढच्या वर्षी, मार्गशीर्षात, ऐन दिवेलागणीला तिला मोठी धाप लागली. ज्योतीरामनं धावत जाऊन रिक्षा आणली. टेंब्यांनी तिला मांडीवर घेतलं आणि रिक्षा निघाली ती रेल्वेच्या फाटकाशी थांबली. फाटक पडलेलं होतं. मालगाडी यायची होती. आजूबाजूला धूर असा खाली बसलेला की फाटकावरचा लाल दिवा मळका दिसत होता. टेंब्यांच्या डोळ्यांत तो धूर झोंबला, त्यांनी डोळे पुसले, आणि तरीही त्यांच्या मनात आलं नाही की हा धूर इथं कुठून आला. मन दुसरीकडे होतं, ते साहजिकच होतं. मागोमाग धावत आलेल्या यशोदाबाई रिक्षाच्या दांडीला धरून बाहेर उभ्या होत्या आणि पदरानं सुहासिनीला वारा घालत होत्या. सुहासिनीनं त्यांच्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. बोलायला श्वास लागतो, तो नव्हता. तिनं नवऱ्याचा अंगठा धरला. मालगाडी लांबलचक होती. फाटक उघडलं तेव्हा रिक्षावाल्यानं मागं वळून बघितलं आणि रिक्षा चालूच केली नाही.

तिचे तेरा दिवस झाले. वाईहून भाऊ आला, गेला. टेंबे कामावर जाऊ लागले. चहात साखर घालायचंच त्यांनी सोडून दिलं. तरी महिन्याच्या महिन्याला बरणी बदलायला ते स्लॅबवर जातच होते. कशासाठी, असं त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तिच्यासाठी सुरू केलेलं काम तेवढंच हातात उरलं होतं.

ऐंशी सालच्या फेब्रुवारीत, माघी अमावास्येला, मोठं सूर्यग्रहण आलं. भर दुपारी अंधारून येणार म्हणून गावात कोण धास्ती! रस्ते ओस पडले, दारं लागली, कामगार घरी बसले. टेंबेही घरीच होते. यशोदाबाईंनी हंडे, कळशा, माठ, सगळं झाकून वर तुळशीचं पान ठेवलं. मग हातात एक पितळी ताटली आणि पान घेऊन त्या मागच्या शिडीनं वर निघाल्या.

"ताई, कुठं?" टेंब्यांनी विचारलं.

"बरणी झाकून येते की. गिराण लागंल न्हाईतर."

टेंबे किंचित हसले. तिचं औषध आता कुणासाठी, असं काहीतरी मनात आलं. "राहू द्या हो. एका दिवसानं काय होतंय? आणि ती उघडीच ठेवायची असते."

यशोदाबाई शिडीवरच थांबल्या. "एका दिसानं? भाऊ, मी रोज झाकते की. पयल्या दिसापासनं. सांच्याला दिवा लावला की आधी वर जाऊन ताटली ठिवते, सकाळी ऊन आलं की काढते. तुमी पुढच्या खोलीत, तुमाला मागची शिडी कुठली दिसतीया? तुमीच म्हणला व्हता ऊन-वारा लागू द्या. रातीला कुठलं आलंय ऊन? आणि सांच्यापासनं त्या भट्ट्यांचा काळा भुगा असा पडतो, तवा वैनींच्या औषधात घाण पडू द्यायची व्हय? आपल्या घरात पाणी कदी उघडं ठिवलंय का कुणी?"

त्या वर गेल्या. पितळेची ताटली काचेवर टेकल्याचा आवाज आला. लहानसा आवाज. बाहेर ऊन मावळल्यासारखं झालं, पाखरं झाडांवर परतली, आणि टेंबे अंधारलेल्या पडवीत उभे राहिले. सगळं त्यांना एकदम कळलं. दिवसा विजेची कपात, म्हणून भट्टीवाले संध्याकाळनंतरच्या पाळीला ओतकाम करत. थंडीत संध्याकाळची गार हवा खाली बसते आणि धूर तिच्यात कोंडतो; हे तर ते दुसऱ्यांना शिकवत असत. बरणीनं फक्त दिवस मोजला होता. रात्र यशोदाबाईंच्या ताटलीनं अडवली होती. आणि सुहासिनीच्या छातीवर ताटली कोण ठेवणार?

चिंचवडला मुगाऐवजी मसूर पडले म्हणून त्यांनी तिला उडदाच्या राशीत आणून बसवलं होतं. चांगली हवा शोधायला निघाले आणि होती नव्हती ती मागं टाकून आले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात खरं, पण लोक ते हसत म्हणतात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी एक बरणी आणली आणि स्लॅबवरच्या पाण्याच्या टाकीच्या मागं, यशोदाबाईंचा हात पोचणार नाही अशी ठेवली. महिना भरल्यावर दोन्हींचा गाळ तोलला. टाकीमागच्या बरणीचं पाणी गाळलेला कागद इतका काळा की प्रयोगशाळेतल्या पोऱ्यानं विचारलं, साहेब, हा भोसरीचा का? त्या साऱ्या गावात एवढा जड गाळ त्यांनी कधी बघितला नव्हता. त्यांचं जुनं सूत्र, गुणक घालायच्या आधीचं, बरोबर हेच सांगत होतं.

टेंब्यांना त्या तागडीसमोर रडू आलं, आणि त्यांनी ते आवरलं नाही.

मग प्रश्न उभा राहिला तो अर्जुनरावांच्या आईचा. नकाशा दवाखान्यात टांगलेला होता, डॉक्टरांचं बोट अजून कासारवाडीवर टेकत होतं. तो उतरवायला हवा होता, आणि उतरवायचा म्हणजे का ते सांगायला हवं होतं. खरं कारण सांगितलं की ते संध्याकाळपर्यंत ज्योतीरामच्या कानावर जाणार, तिथून घरी. ज्या बाईनं परक्या बाईच्या औषधात कचरा पडू नये म्हणून तीन हिवाळे रोज शिडी चढून ताटली ठेवली, तिला सांगायचं की बाई, त्या ताटलीनंच घात केला? टेंब्यांनी तिला फाटकाशी पदरानं वारा घालताना बघितलं होतं. हे ऐकून ती जगली असती, पण कशी जगली असती?

ते डॉक्टरांकडे गेले आणि म्हणाले, "नकाशा उतरवा. कासारवाडीची बरणी मी निष्काळजीपणानं हाताळली. वजनं चुकली. माझी चूक." टेंब्यांच्या तोंडून वजन चुकलं हे शब्द कुणी कधी ऐकले नव्हते. अर्जुनरावांकडे जाऊन त्यांनी तेच सांगितलं, आणि त्यांच्या आईसाठी काळेवाडीत खोली बघायला स्वतः पायपीट केली. अर्जुनराव घालूनपाडून बोलले. कंपनीत कुजबुज झाली की बायको गेल्यापासून टेंब्यांचं चित्त ठिकाणावर नाही. बायको असतानाही नसेल म्हणजे, असंही कुणी म्हणालं.

ज्योतीरामनं घरी सांगितलंच. संध्याकाळी टेंबे परतले तेव्हा यशोदाबाई पडवीत बसल्या होत्या. नेहमीप्रमाणे पाण्याचा तांब्या पुढं आला नाही.

"भाऊ, हे म्हणतेत ते खरं हाय का? हितली हवा वाईट व्हती, आणि तुमी चांगली म्हणून सांगितली?"

"हो, ताई."

"तुमच्या हातनं चूक झाली?"

"माझ्या हातून झाली."

यशोदाबाईंनी पदर तोंडाला लावला. मग त्यांना संताप आला, आणि तो त्यांनी गिळला नाही. "अशी कशी चूक झाली? येवढं शिकल्यालं माणूस तुमी! मी आडाणी बाई, मला निसतं हात लावू नका म्हणला, तर मी किती जपली ती बरणी. आणि तुमाला तुमचं काम नीट करता आलं न्हाई? माझी सोन्यासारखी वैनी गेली की हो!"

हे बोलणं टेंब्यांनी आपणहून ओढवून घेतलं होतं. ते सोसणं त्यांना जड गेलं नाही, उलट जरा बरंच वाटलं. खोट्या चुकीची शिक्षा होत होती, ती सोसता येते.

पण यशोदाबाई थांबल्या नाहीत. "आणि बरण्या चुकल्या तर चुकल्या. ती तुमाला सांगत न्हवती का? माझ्यासमोर म्हणली ती, हितं मला श्वास घेता येत न्हाई म्हणून. तिच्या तोंडानं म्हणली. ते कामून आयकलं न्हाई, भाऊ?"

टेंबे पडवीच्या पायरीवर बसले.

भोसरीकडून धूर यायला लागला होता. यशोदाबाईंनी डोळे पुसले, आत जाऊन दिवा लावला, आणि सवयीनं फळीवरची ताटली घेऊन त्या शिडीकडे वळल्या. मग आठवण होऊन मध्येच थांबल्या.

"आता कशाला झाकू?" त्या म्हणाल्या, आणि ताटली टेंब्यांच्या हातात देऊन आत गेल्या.